चूल वेगळी, छप्पर एक

गोव्यातील वर्तमानपत्रवाचकास पांढुर्णा हे नाव वर्षातून एकदाच भेटते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावला जातो आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे तर दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. शेकडो माणसे जखमी होतात, काही वर्षी प्राणही जातात. दुसऱ्या दिवशीच्या अंकात छायाचित्र येते, 'गोटमार' हा शब्द येतो आणि पुढे वर्षभर त्या गावाची वार्ता नसते. या प्रथेच्या मुळाशी जी आख्यायिका सांगतात तिच्याकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक तरुणी घर सोडून निघाली, नदीच्या मध्यावर अडकली आणि दोन्ही काठांवरच्या आप्तांनी त्यांस दगडांनी मारले, अशी ती कथा आहे. तिला इतिहासाचा आधार नाही. परंतु ज्या गावाची सर्वांत प्रसिद्ध कथाच घराबाहेर पडू पाहणाऱ्या जोडप्याची आहे, त्या गावात आज घराबाहेर पडणे कितपत शक्य आहे हा प्रश्न विचारण्याजोगा खासच आहे. आज तेथे त्यासाठी कोणी दगड मारीत नाही. अडचण पैशाची आहे, आणि तिच्याखालोखाल कागदाची.

प्रथम त्या मुलखाविषयी. पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरपासून शंभर किलोमीटरांच्या आत आहेत. भाषा मराठी, पोळा मराठी, बाजारपेठ नागपूरची; पण राज्य मध्य प्रदेश. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्याकडे गेले आणि छिंदवाडा जिल्हा मागे राहिला, त्याबरोबर ही मराठी माणसेही मागे राहिली. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आपल्या बाजारात 'नागपुरी' म्हणून जी संत्री येतात त्यांतली कित्येक याच मातीतली असतात. बागाईतदार आहेत तसेच कोरडवाहू शेतकरी आहेत, बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत कामास जाणारे आहेत आणि यांपैकी कोणाच्याच यादीत न बसणारे, दुसऱ्याच्या बागेत तोडणीला जाणारे मजूरही पुष्कळ आहेत.

अशा मजुराच्या घरात दुसऱ्या मुलाचे लग्न झाले म्हणजे काय होते? दोन खोल्या असतात. एकीत आईबाप आणि लहान भावंडे, दुसरीत थोरला भाऊ आणि त्याची मुले. नव्या जोडप्यासाठी ओसरीला पडदा लागतो किंवा गोठ्याच्या बाजूला पत्रे टाकून आडोसा होतो. वर्षा-दोन वर्षांत मूल होते, दोन जावांमध्ये पिठावरून, पाण्यावरून, मुलांच्या भांडणावरून कुरबुर सुरू होते आणि एके दिवशी धाकटी सून अंगणाच्या कोपऱ्यात तीन विटा मांडून स्वतःचा भात शिजविते. गावाच्या भाषेत तो 'वेगळा निघाला'. निघाला म्हणजे कोठे गेला? कोठेच नाही. तेच अंगण, तोच नळ, तेच छप्पर. वेगळी झाली ती केवळ चूल.

आपल्या भाषेने या घटनेला चुलीचे नाव द्यावे हे सहज घडलेले नाही. इरावतीबाई कर्वे यांनी १९५३ साली आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली त्यांत एका छपराखाली राहणे आणि एका चुलीवरचे खाणे यांस अग्रस्थान होते. सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवधर्म त्यांच्या मागोमाग. पुढे आय. पी. देसाई यांनी गुजरातेतील महुवा गावाचा अभ्यास करून असे दाखविले की, चूल वेगळी झाली म्हणून परस्परांविषयीची कर्तव्ये संपत नाहीत. एकत्रपणा खरा तेथे मोजावा. ए. एम. शहा यांनी तर 'घर' आणि 'कुटुंब' या दोहोंची गल्लत करू नका असे बजावले, आणि पूर्वी सारा देश मोठमोठ्या एकत्र कुटुंबांतच नांदत होता ही समजूतही तपासून पाहावयास लावली. वाडा, देवघर, पंगत, पंचवीस माणसे, हे जे चित्र आपण डोळ्यांपुढे आणून उसासे टाकतो ते ज्यांच्याकडे वाटण्यासारखे काही होते त्यांचे आहे. ज्याच्याकडे वाटावयास शेत नव्हते त्याला एकत्र राहण्याचे मोठेसे कारणही नव्हते. त्याला एकत्र ठेवणारी गोष्ट आज दिसते ती वेगळीच आहे: दुसरे छप्पर घालण्याची ऐपत नसणे. या असमर्थतेला संस्कृती हे नाव देऊन तिचे गोडवे गाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

आता सरकारदप्तरी काय दिसते ते पाहू. जनगणनेत 'कुटुंब' मोजतात ते एका स्वयंपाकघरावरून. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेतही हाच हिशेब होता, आणि २०१६ साली प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना सुरू झाली तेव्हा घरकुलाच्या याद्या याच गणनेवरून निघाल्या. म्हणजे २०११ साली ज्या घरात बाप आणि दोन मुलगे एका चुलीवर जेवत होते ते घर यादीत एक. आज त्या मुलांची लग्ने होऊन संसार तीन झाले, तरी त्या यादीपुरते ते एकच. त्यातून बापाने उमेदीत असताना भिंती पक्क्या बांधल्या असतील तर सर्वच संपले, कारण पक्क्या घरात राहणारा बेघर कसा? २०१८ साली 'आवास प्लस' म्हणून पुन्हा पाहणी झाली, अलीकडे आणखी एकदा झाली. याद्या वाढल्या हे मान्य केले पाहिजे. तथापि मूळचा पेच सुटलेला नाही. घर मिळावयाचे तर कुटुंब वेगळे असले पाहिजे. कुटुंब वेगळे असावयाचे तर चूल वेगळी पाहिजे. आणि चूल खऱ्या अर्थाने वेगळी मांडावयाची तर आधी घर पाहिजे. 'लग्न झाल्याशिवाय वेड जाईना, आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना' या म्हणीचा सरकारी अनुवाद याहून चांगला होणे कठीण.

मध्य प्रदेशात यावर आणखी एक पुट आहे. तेथे 'समग्र' नावाची नोंदवही आहे. प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी क्रमांक आणि प्रत्येक माणसाला नऊ आकडी. धान्य, शिष्यवृत्ती, निवृत्तिवेतन, बहुतेक सर्व लाभ या क्रमांकांवरून चालतात. वेगळे निघालेल्याला आपला क्रमांक वडिलांच्या क्रमांकातून फोडून घ्यावा लागतो. अर्जावर शब्द असतो तो हिंदी, 'विभाजन' किंवा 'बँटवारा'. आमच्या 'वाटणी' या शब्दात भांडण असले तरी वाटा आहे. 'बँटवारा' म्हटले की १९४७ आठवते. ज्या बापाने मुलाला शांतपणे 'तू वेगळा राहा' म्हटले असते, तो या कागदावर अंगठा उठवताना बिचकतो, असे घडत असल्यास नवल नाही.

बापाच्या बिचकण्याला शब्दापलीकडेही कारण आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबास माणशी पाच किलो धान्य मिळते. तेथे कुटुंब फुटले तरी दाणा कमी होत नाही. अंत्योदय शिधापत्रिकेवर मात्र माणसे कितीही असोत, घरामागे पस्तीस किलो. पाच माणसांच्या घरात माणशी सात किलो पडतात. त्यातील तिघे वेगळे झाले तर पत्रिका ज्याच्याकडे राहील त्याचे पस्तीस शाबूत, आणि निघालेल्यांनी नव्याने पात्रता सिद्ध करावयाची. गरिबांतल्या गरिबाला वेगळे होण्याचा दंड सर्वांत जास्त, असा याचा अर्थ होतो. कोणी हे मुद्दाम केले असे आम्ही म्हणत नाही. निरनिराळ्या कचेऱ्यांनी 'कुटुंब' या शब्दाच्या निरनिराळ्या व्याख्या केल्या, आणि त्या एकाच उंबऱ्यावर एकमेकींत अडकल्या.

न्याय करावयाचा तर मध्य प्रदेश सरकारच्या एका योजनेचा गौरवाने उल्लेख केला पाहिजे. २०२१ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री आवासीय भू-अधिकार योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुले एवढेच कुटुंब धरले आहे, आणि ज्यांस राहावयास स्वतंत्र घर नाही अशांस गावठाणात साठ चौरस मीटरपर्यंतचा भूखंड देण्याची तरतूद आहे. बापाच्या छपराखाली तिसरा संसार कोंबलेल्या धाकट्याचा विचार ज्यात प्रथम झाला अशी ही योजना. अडचण एवढीच की, भूखंड द्यावयास गावठाणात जागा लागते, आणि बागाईत गावांत मोकळी सरकारी जमीन ही संत्र्याच्या झाडाखालच्या सावलीइतकीच वाटून गेलेली असते.

भूखंड मिळाला असे धरून चाला. घरकुलासाठी सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार रुपये मिळतात. घर पंचवीस चौरस मीटरांचे, म्हणजे सुमारे पावणेतीनशे चौरस फुटांचे. ही रक्कम २०१६ साली ठरली आणि २०२४ मध्ये योजनेस आणखी पाच वर्षांची मुदत मिळाली तेव्हाही तीच राहिली. दरम्यान सिमेंट, लोखंड, वाळू आणि गवंड्याची मजुरी कोठे गेली हे घर बांधलेल्या कोणासही विचारावे. वरची भर मजुराने कोठून घालावी? २०२५-२६ या वर्षासाठी रोजगार हमीचा दर मध्य प्रदेशात दिवसाला २६१ रुपये ठरला होता. गोव्यात तो ३७८ होता. शंभर दिवस पुरे काम मिळाले, जे क्वचितच मिळते, तरी त्या दराने वर्षाला सव्वीस हजार शंभर रुपये होतात. यातून पीठमीठ वजा करून जो शिल्लक टाकील त्याला अर्थमंत्रीच नेमावे.

म्हणून तरुण नागपूरची वाट धरतात. कळमेश्वर, हिंगणा, बुटीबोरी येथे काम मिळते. पण तेथे खोली घ्यावयाची तर अनामत हवी, आणि ती हातात असलेला माणूस मुळात गाव सोडणारा नव्हे. तो चार सोबत्यांबरोबर एका खोलीत राहतो आणि बायको सासूसासऱ्यांजवळ राहते. घर सोडले ते त्याने. ज्या खोलीतून सुटका हवी होती तिच्यात ती राहिली. भाड्याच्या घरांविषयी आपल्या धोरणात एवढी उदासीनता का असावी हे आम्हांस कधीच उमगलेले नाही. २०२० साली शहरांतील कष्टकऱ्यांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना केंद्राने काढली खरी. पण शासनाच्या मनात घर म्हणजे मालकीचे घर हेच समीकरण अद्याप घट्ट आहे. कमी मिळकतीच्या जोडप्याला पहिली पाच वर्षे मालकी नको असते. दार लावून घेता येईल अशी एक खोली आणि वर्षभर कोणी हाकलणार नाही एवढी हमी त्याला पुरते.

दार लावून घेण्याचा हा प्रश्न प्राधान्याने स्त्रीचा आहे, आणि नेमका तिच्याच बाबतीत समाजाचा आवाज चढतो. मुलगा वेगळा झाला की गाव म्हणते, 'सुनेने फोडले.' ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नरेंद्र विरुद्ध के. मीना या खटल्यात पतीला घटस्फोट मंजूर करताना, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांपासून त्यास तोडण्याचा पत्नीचा सतत आग्रह ही क्रूरता ठरू शकते असे म्हटले, आणि हिंदू मुलाने लग्नानंतर आईबापांपासून वेगळे होणे ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत नव्हे असेही मत नोंदविले. त्या खटल्यात आत्महत्येच्या धमक्या होत्या, चारित्र्यावरचे खोटे आरोप होते; निकालाबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. पण गावोगाव पोहोचला तो निकाल नव्हे, ते एक मत. पांढुर्ण्याच्या दोन खोल्यांत पडद्याआड संसार करणाऱ्या मुलीने 'आपण वेगळे राहू' म्हटले तर ती क्रूर ठरते की काय? कायद्याचे ते तात्पर्य खचित नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात तर पीडित पत्नीला पर्यायी निवारा देण्याचा किंवा त्याचे भाडे भरण्याचा हुकूम पतीला करण्याची मुभा न्यायाधीशास आहे.

आणि रीतीचेच म्हणाल तर धर्मशास्त्राची साक्ष काढून पाहावी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, भावांनी एकत्र राहावे अथवा धर्माच्या इच्छेने वेगळे राहावे असे सांगून, वेगळे राहिल्याने धर्मकृत्ये वाढतात म्हणून वेगळे होणे धर्म्यच होय असा निर्वाळा दिला आहे. कारण साधे आहे: घरे चार झाली की देवपूजा चार ठिकाणी होते, अतिथी चार दारांत जेवतो. चालुक्यांच्या कल्याणात बसून विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली तीत दायविभागाचा केवढा खल आहे! ज्या समाजात कोणी वेगळे होतच नव्हते त्याला वाटणीचे एवढे सूक्ष्म शास्त्र कशाला लागले असते? त्याच मिताक्षरेवर उभ्या राहिलेल्या कायद्याप्रमाणे आजही एका सहदायादाने वेगळे होण्याचा स्पष्ट निश्चय इतरांस कळविला की कायद्याच्या दृष्टीने एकत्रपणा संपतो. वेगळे राहणे ही पश्चिमेकडून आलेली चाल आहे असे जे म्हणतात त्यांनी पश्चिमेस फुकटचा मान दिला आहे.

वृद्धांची बाजू आम्ही दृष्टीआड करीत नाही. चूल वेगळी झाली की म्हाताऱ्याच्या ताटाचे काय, हा प्रश्न जुना आणि खरा आहे. 'महिना थोरल्याकडे, महिना धाकट्याकडे' ही पाळी गावोगाव चालते आणि एकतीस दिवसांच्या महिन्याच्या शेवटच्या रात्री म्हातारी कोठे जेवली यावरून भांडणे होतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने महिना दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहखर्चाची तरतूद केली. पण ज्या मुलाची मिळकतच तेवढी नाही त्याच्यावर हुकूम काढून काय साधणार? आमचे निरीक्षण असे की, म्हाताऱ्यांचे हाल वेगळे राहण्याने होतात त्यापेक्षा भांडून वेगळे होण्याने अधिक होतात. वेळीच, शब्द न वाढवता, शेजारी घर घालून दिले तर सुनेच्या हातची भाकरी सासूला पोहोचते. तीन विटांची चूल रागाने मांडली गेली की ती पोहोचत नाही.

शेताचे उदाहरण घ्या. संत्र्याची बाग वाटणे हे भात कापून वाटण्याइतके सोपे नाही. झाड फळास यावयास पाचसहा वर्षे लागतात, आंबिया बहार आणि मृग बहार यांचे पैसे वर्षातून एकदोनदाच हाती येतात, आणि झाडे वाटली तरी विहीर वाटता येत नाही. पाण्याची पाळी राहतेच. तरीही बागाईतदारांच्या वाटण्या होतात, कारण त्यांना तलाठी-तहसीलदार ठाऊक असतात, १९५९ च्या जमीन महसूल संहितेत खातेफोडीची रीत लिहिलेली आहे, आणि २०२४ साली राज्याने मोहीम काढून नामांतराची व वाटणीची तुंबलेली प्रकरणे निकालात काढण्याचा उद्योग केला. शेताची वाटणी होते. गावठाणातल्या दोन खोल्यांची होत नाही. २०२० पासून 'स्वामित्व' योजनेखाली ड्रोनने गावठाणे मोजून घराची मालकीपत्रे देणे चालू आहे. ते पत्र ज्याच्या ताब्यात घर त्याच्या नावे, आणि ताबा म्हणजे बहुधा घरातल्या वडीलधाऱ्याचा. पत्र देतानाच 'या घरात संसार किती?' एवढे विचारून ते नोंदले असते तर पुढच्या पिढीची अर्धी कज्जेदलाली वाचली असती.

हे सर्व दूरच्या मुलखातले म्हणून गोमंतकीय वाचकाने निर्धास्त राहू नये. आपल्याकडे घरे मोठी आहेत एवढाच फरक. पोर्तुगीज अमदानीपासूनच्या वारसाहक्काने एकेका घराला पंधरा-वीस हिस्सेदार झाले. काही आखातात, काही मुंबईस. कौल बदलावयाचे तर कोणी एकटा खर्च करीत नाही, कारण घर त्याचे एकट्याचे नाही. २०१२ चा वारसाविषयक कायदा २०१६ पासून अमलात आला, त्यातही इन्व्हेंटरीच्या दाव्यात मालमत्ता हिस्सेदारांत बोलीवर जाऊ शकते, आणि ज्याची बोली मोठी त्याचे घर. आखातातला भाऊ घर घेतो. गावात राहून आईला सांभाळलेला, पणजीस बसने कामाला जाणारा भाऊ हातात थोडी रक्कम घेऊन म्हापशात खोली शोधतो. कायद्याने त्याला त्याचा पुरा हिस्सा दिलेला असतो. मुंडकारांच्या घरांची कथा तर याहून बिकट आहे: १९७५ च्या कायद्याने मुंडकाराला हाकलता येत नाही, पण त्याच्या तीन मुलांची लग्ने झाली की त्याच चार भिंतींत तीन संसार मावत नाहीत आणि नव्या भिंतीसाठी पुन्हा भाटकाराच्या आणि मामलेदाराच्या दारी जावे लागते.

मुलींचेही येथेच सांगावयास हवे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या घरात हिस्सा दिला, पण भावांनी वाटणी करावयाचे ठरविल्याशिवाय राहत्या घराची वाटणी तिने मागू नये असे कलम घातले. २००५ साली ते काढले गेले. नवरा सोडून आलेली किंवा विधवा होऊन माहेरी आलेली बहीण आज पांढुर्ण्यात कायद्याने आपली खोली मागू शकते. ती मागत नाही, कारण मागितली की भाऊ तुटतो. ग्रामीण घरकुलाच्या नियमांत मात्र एक चांगली गोष्ट आहे: घर पत्नीच्या नावे किंवा दोघांच्या नावे करावयाचे. धाकट्या सुनेच्या नावाचा पहिला सरकारी कागद असा या घरकुलाबरोबरच तिच्या हाती येतो.

नव्या जिल्ह्याला कचेऱ्या, कलेक्टर आणि इमारती मिळत आहेत. जुन्या सवयी अद्याप जडलेल्या नाहीत अशी ही वेळ आहे. 'समग्र'ची फोड, अंत्योदय पत्रिकेची फेरतपासणी, गावठाणातल्या घराचे हिस्से आणि भूखंडाचा अर्ज ही चार कामे आज चार टेबलांवर चार वेळा होतात. ती एका शिबिरात, एकाच दिवशी, बाप आणि मुलगा दोघेही समोर असताना करून द्यावीत. अर्ज मराठीत लिहिलेला असला तरी चालावा. जेथे भूखंड नाही तेथे बापाच्याच जागेत एक खोली आणि एक स्वतंत्र दार वाढविण्यास घरकुलाच्या निम्मी रक्कम द्यावी. पूर्ण घराला लागते त्याहून कमी पैशांत असे दोन संसार सुटे होतील आणि म्हातारा-म्हातारी भिंतीपलीकडे राहतील. पोळ्यानंतर आंबिया बहाराच्या तोडणीस प्रारंभ होतो, मजुराच्या हाती वर्षातले बरे पैसे येतात ते तेव्हाच. शिबिरे त्याच सुमारास भरवावीत. जून-जुलैत अर्ज मागविले तर पावसात भिंत उभी राहत नाही आणि मिळालेला पहिला हप्ता खाण्यात संपतो, हे पांढुर्ण्याच्या कोणत्याही गवंड्यास ठाऊक आहे.